दर पाच मिनिटांनी एक ओळ

—नाही नाही, तू बोलू नकोस, मला ठाऊक आहे तुमचा नियम. कोपऱ्यात बसायचं, पोराशी बोलायचं नाही, पाळणाघरवाल्या मावशीशी तर नाहीच, दर पाच मिनिटांनी दिसलं ते एका ओळीत लिहायचं. तुमच्या बालविकासाच्या मॅडमनी फोनवर सगळं समजावलं मला. 'गोड' लिहायचं नाही, 'हट्टी' लिहायचं नाही — मग पोरांबद्दल लिहायला उरतं काय, सांग? मी कॉलेजची पायरी चढले नाही, पण बावीस वर्षं पोरं सांभाळतेय. पोर नुसतं दारातून आत आलं की सांगते, शी लागलीय की आईची आठवण आलीय. तुम्हाला त्याला तीन वर्षं लागतात, वर परीक्षा. — काय गं बिट्टी, ठोकळा हवा? लाल ना? हा घे. — लिही, लिही, 'ठोकळा घेतला' म्हणून लिही.

बरं, सात पोरांतून हिलाच का निवडलंस? ते जुळे होते की, एकमेकांना चावणारे, दोन दिवसांत वही भरली असती. ही साडेतीन वर्षांची, शांत, शहाणी, हिच्यात काय बघणार? बोलत नाही म्हणून? बोलते की. म्हणजे — बोलते. तू चारला जातेस ना, त्यानंतर.

अशी बघू नकोस माझ्याकडे. आणि हे लिहू नकोस. तिची आई दवाखान्यात एक्स-रे काढते, उभ्यानं दिवस जातो बिचारीचा, सहाला धापा टाकत येते आणि चप्पल काढायच्या आधी विचारते, "मावशी, आज काही बोलली?" दोन महिने मी खरं तेच सांगितलं. एकदा ती तिथेच, चपलांच्या फळीवर बसून रडायला लागली. माझ्यानं बघवेना. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आज 'कावळा' म्हणाली." अगं, काय चेहरा फुलला तिचा. मग 'दे', मग 'चेंडू' — रोज एक शब्द, तोही बेताचा, मी काय वेडी आहे का, 'हेलिकॉप्टर' कधी सांगितलं नाही. कॅलेंडरवर लिहून ठेवते ती, एकतीस झाले. कोणाचं काय बिघडलं त्यात? बोलण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती तिनं, तेवढी रद्द केली — तेवढंच. मी म्हटलं होतं तिला, अगं, जाऊन तर ये एकदा. म्हटलं होतं बहुतेक. नव्हतं म्हटलं. चुकलंच माझं, रात्रंदिवस मनाला खातंय, पण एकतिसाव्या शब्दावर येऊन मागे कसं फिरायचं, ते तुमच्या पुस्तकात आहे का?

आणि आता तुमची ही वही. दहा दिवसांची नोंद, शेवटच्या पानावर पालकांची सही. म्हणजे ती वाचणार — दहा दिवसांत एक शब्द नाही, तारीखवार. माझ्याकडे पोर कोण ठेवेल? ते जाऊ दे, विश्वासानं मावशी म्हणते ती मला, तिच्या तोंडाकडे कशी बघू? तू असं कर, एकच शब्द घाल. 'दे' घाल. तुला मार्क मिळतील, तिला झोप लागेल, माझी लाज राहील. नाही? मान काय हलवतेस, आण इकडे ती वही, बघू तरी काय दिवे लावलेत.

"दहा वाजून पाच. मुलगी बरणीकडे बोट दाखवते. तोंड उघडते. मावशी म्हणतात, बिस्किट हवं? देतात. दहा वाजून दहा. मुलगी तोंड उघडते. मावशी म्हणतात, मोजा काढायचा? काढतात." — हे काय, यात माझंच पुराण आहे. मुलीला बघायला आलीस की मला? — "दहा वाजून पंधरा. मुलगी 'द' असा आवाज काढते. मावशी म्हणतात, दार उघडू? उघडतात." — 'द'? कधी? माझ्यासमोर? — "आज मुलीनं तोंड उघडलं चौदा वेळा. चौदाही वेळा मावशी आधी बोलल्या."

हं.

राहू दे. लिहिलंस तसंच राहू दे. सहापर्यंत थांबशील? आईला मीच सांगते, एकतीसच्या एकतीस शब्दांचं. आणि डॉक्टरांची वेळ पुन्हा घ्यायला लावते, माझ्या बडबडीपायी असेल नाहीतर आणखी कशापायी, ते त्यांनाच बघू दे. तू नुसती शेजारी बस — तुला काय, बसायचं छान जमतं. चल, आता पेन उचल, ती येतेय इकडे. बूट पुढे करतेय बघ. तोंड उघडलं. काय गं राणी, बक्कल—