वहीतला शेरा

— बसा, बसा मॅडम, पन आधी सांगा, तुमाले धाडलं कोनं? रविकांतनं? खोटं नका बोलू — बाप हाय मी त्याचा, त्याच्या चाली वळखतो. तिकडं निर्मल शहरात ब्यांकेत बसून माह्यावर नजर ठेवून राह्यला! नाई? मंग रोज शाळा सुटली की सीध्या नेरडीगोंड्याच्या बसकडं जाता तुमी, आज काऊन इकडं वळल्या? स्वरासाठी? वर्गात चाळीस लेकरं, अन् माह्याच नातीचं घर बरं सापडलं तुमाले!

हं, वही. आणलीच सोबत. ही रीत तुमीच काढली ना — रोज सांजच्याला घरच्यानं पोरीचं वाचन ऐकावं, वहीत शेरा लिवावा, खाली दस्तखत करावी. केली. एक दिवस नाई चुकवला. तीस साल तहसीलच्या दफ्तरात शेरे लिवले मी, मले शिकवता का? काय लिवलं म्हनजे? दिसते ना — 'स्वराला अजून वाचता येत नाही.' शाळा तेलगू, म्हनून तेलगूतच, साफ अक्षरात. त्याचा फोटो तुमी तिच्या बापाले धाडता, त्यात माहा काय कसूर?

— काय म्हनता, वर्गात धडाधड वाचत होती? वाचत असंन! मी कुठं नाई म्हनलं? मागच्या महिन्यात इथंच, या खाटेवर, कोल्ह्याचा धडा असा वाचला पोरीनं, कोल्ह्याचा आवाज काढून, की हसून हसून मले ठसका लागला... पानी घेता का? — हे बरं पकडलं तुमी मले. पकडा! रविकांतनं अन् शीतलनं, माह्या सुनंनं, ठरवूनच ठेवलं हाय — पोरगी वाचाले लागली की निर्मलच्या शाळेत. वाचता आल्याबिगर तिथं घेतच नाई म्हने. अन् मी? दोन सालाची होती तवा माह्या वटीत टाकून गेले. माही बायको गेली, रेनुका, त्यानंतर या घरात माह्याशी बोलते कोन? हीच. तिच्यासमोर वाकडा शब्द नाई काढला, देवाशपथ! शाबास म्हनतो, पाठ थोपटतो. लिवलं फक्त. एक ओळ. तेवढ्यानं कोनाचं काय बिघडते?

काय म्हनता? आठ दिवस झाले? पुस्तकच उघडत नाई? घरीबी नाई उघडत — मले वाटलं, खेळाचा नाद. काय म्हनते? 'मले येत नाई, आबानं लिवलं हाय'? कोनं सांगतलं तिले? तुमी सांगतलं असंन! नाईतर वर्गातल्या कोन्या पोरीनं — नाई? तिनंच वाचलं? सोताच?

...ह्या आठ दिवसांचे शेरे खरेच निघाले मंग.

नाई, तिले हाक नका मारू. वही ठेवा तिथं. या तुमी आता. या म्हनलं ना.