भागीरथाबाईचं चेकबुक

मुलचेऱ्याच्या बँकेत रीता रांगेत उभी होती. पुढे भागीरथाबाई आणि तिचा नवरा डोमा यांची चांगलीच जुंपली होती. रीताचे कान आपोआप तिकडे लागले.

“चेकबुक काऊन पाहिजे तुले? पानठेलेवालाही आता फोनवर पैसे घेते.”

“फोन तुमचा. मागच्या लग्नात आहेर माह्या मासोळीच्या पैशाचा, अन् माइकवर नाव पुकारलं तुमचं!”

“नवरा-बायकोत तुहं-माहं राह्यते काय?”

“नाई ना? मंग यावेळी भाचीच्या लग्नात माहं पुकारू द्या. चेकवर माहंच नाव छापून येते, नातीनं दाखवलं मले.”

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. त्यांचं भांडण ऐकत बसलेल्या खिडकीतल्या साहेबांनी खातं पाहिलं.

“बाई, अंगठेवाल्या खात्याला चेकबुक मिळत नाही.”

“आता सही शिकली मी, साहेब. कागद द्या.”

ओठ घट्ट मिटून ती एकेक अक्षर काढू लागली.

“लवकर कर ना, लोक थांबले आहेत,” डोमा म्हणाला.

“थांबू द्या. पूरं नाव लिहून राह्यली मी.”

साहेबांनी सही पाहिली आणि अर्ज पुढे केला.

“एका आहेरासाठी अख्खं चेकबुक? बाकीच्या चेकचं काय करणार, बाई?”

“माह्या भाच्या पुष्कळ आहेत, साहेब. सगळ्यायचे लग्न व्हायचे आहेत.”