वाट पाहणारी ओळ

आत्या : ...आणि अलार्मच्या प्रोग्राममधली क्रिस्टलची वाट पाहणारी ओळ कुठंय?

भाची : काढली. आल्या आल्या उलटतपासणी? बस तरी.

आत्या : बसायला नाही आले. काढली म्हणजे?

भाची : यंत्र सुरू व्हायला उशीर होत होता तिच्यामुळे. चिप आपल्या आतल्या घड्याळावर जागी होते, मग बाहेरच्या क्रिस्टलच्या अचूक ठोक्यावर जाते. मधे तू तिला उगाच उभी करून ठेवली होतीस. क्रिस्टल लगेच चालू होतो. दोनशे वेळा तपासलं.

आत्या : कुठे?

भाची : इथेच, या टेबलावर.

आत्या : डोक्यावर दिवा, शेजारी तापलेलं सोल्डरिंग आयर्न. उबेत कुणीही लवकर उठतं, बये. यंत्र बसवलंय कुठे?

भाची : दवाखान्यात. लसींच्या थंड खोलीत.

आत्या : परवा तिथली वीज गेली, आली. क्रिस्टल गारठलेला, चिप त्याच्यावर गेली तेव्हा तो हललाही नव्हता. ती तिथंच ठप्प. मग थंडावा देणारं मशीन बंद पडलं, आणि ओरडायचं ज्यानं तो अलार्म मुका. सगळ्या लसी वाया.

भाची : हा तुझा अंदाज.

आत्या : तुझ्या अलार्मचा बोर्ड कालपासून माझ्या फ्रिजमध्ये आहे. पाच वेळा वीज दिली, चार वेळा तोंड मिटून बसला. हिरवा दिवा मात्र लख्ख, कारण तो थेट विजेवर. दवाखान्यातली नर्स तेच सांगत होती ना, दिवा हिरवा होता म्हणून?

भाची : आमचे साहेब म्हणतात, अलार्म तिनंच बंद केला.

आत्या : आणि चौकशीच्या अहवालावर सही तुझी.

भाची : अजून केलेली नाही. उद्या द्यायचाय.

आत्या : त्या सहीनं तिची नोकरी जाईल.

भाची : आणि खरं लिहिलं तर माझी. तुझं बरंय, तू निवृत्त झालीस. पण मला सांग, त्या ओळीशेजारी का थांबायचं ते का नाही लिहिलंस? एकतीस वर्षं ती ओळ मुकाट उभी. मला काय स्वप्न पडणार होतं?

आत्या : पाणी दे जरा.

भाची : पाणी नंतर. बोल.

आत्या : लिहिलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. म्हणाले, बाईंना थंडी वाजते म्हणून चिपलाही शाल पांघरतात. हसले सगळे. तीन दिवस मी दोन स्वेटर घालून त्या खोलीत बसले होते, बोटांना पेन धरवत नव्हतं. रागानं ते वाक्य पुसून टाकलं. ओळ तेवढी ठेवली. म्हटलं, नाही सांगत जा.

भाची : एवढ्यासाठी?

आत्या : एवढ्यासाठी.

भाची : म्हणजे रुसलीस तू, खोडलं मी, आणि भोगतेय ती.

आत्या : हो.

भाची : सरक. ओळ परत घालते. शेजारी काय लिहू?

आत्या : क्रिस्टल थंडीत उशिरा जागा होतो. खोलीत बसून पाहिलंय.

भाची : आणि अहवालात? दोघींचं लिहिणार आहे मी, सांगून ठेवते.

आत्या : लिही. पण सगळ्यात आधी लिही, दिवा हिरवाच होता.