कोंड्यात गेलेला तांबडा रंग

पंगतीत कुणी बोलत नव्हते, मंडळी. भात वाढणारीचा हात तसाच थांबलेला. नलिनीबाईंनी, म्हणजे नाशिकहून आलेल्या विहीणबाईंनी, केळीच्या पानावरच्या भाताकडे पाहिले आणि इतकेच विचारले होते, "हा पांढरा कसा?"

हे मौन इथेच राहू द्या आणि मला सांगा — माणसाला लाज वाटते, तेव्हा तो स्वतःला का बदलत नाही? अन्नाचाच रंग का काढतो?

ऐका. कुडाळकडच्या एका गावातल्या ह्या सुभद्राकाकी. त्यांच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या छोट्या शेतात, तांबडे भात पिकायचे. बाकी गाव केव्हाच पांढऱ्या वाणाकडे वळलेले. तांबड्याचे बी उरले ते काकींच्याच कणगीत. सून केतकी गरोदर असताना तिची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, पॉलिशचा भात कमी करा. काकींनी बाळंतपणापर्यंत रोज तिला तांबड्या तांदळाची पेज दिली, स्वतःच्या हाताने. साखर आटोक्यात राहिली. पेजेमुळेच राहिली असे मी म्हणणार नाही. औषध होते, पथ्य होते. पण पेजही होती.

मग बारसे ठरले आणि काकींच्या मनात आले, शहरातली माणसे येणार, त्यांच्या पानात तांबडा भात? घरात जे औषध, तेच पाहुण्यांसमोर दारिद्र्य!

काकी भात घेऊन, बियाण्याच्या पोत्यासकट, गिरणीवर गेल्या. गिरणीवाला बाबल म्हणाला, "काकी, दोन खेपो पुरे. जास्त फिरवलंय तर कणी पडतली."

"पडांदे कणी. पण पांढरो व्हयो."

"आणि ह्या बियाण्याचा भात?"

"ता पण घाल. पाहुणे आठ दिस रवतले, कमी पडाक नको."

बाबलने बियाण्याचे पोते बाजूला सरकवले. "गावात दुसऱ्या कोणाकडे नाय हां, काकी."

"माका शिकवतस?"

काय झाले त्या गिरणीत? तांबडेपणा दाण्याच्या पोटात नसतो, मंडळी. तो असतो तुसाखालच्या पातळ सालीत. ऊन सोसताना, कीड परतवताना रोपाने स्वतःसाठी घडवलेली द्रव्ये तिथे साठतात. शास्त्रज्ञ त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात आणि शरीराची आतली झीज ती रोखतात का, हे तपासत बसतात. रोपाचे सारे सोसणे त्या एवढ्याशा कडेवर रंग होऊन थांबलेले असते. तेच आपण खरवडतो आणि उरलेल्या पिठुळ शुभ्रतेला प्रतिष्ठा म्हणतो.

कोंडा गेला गोठ्यात. म्हैस खूश. हसा, हसा — तिच्याकडे कुणी पाहुणे यायचे नव्हते, म्हणून तिला चांगले खाता आले.

आता पंगतीत या. नलिनीबाई म्हणाल्या, "विहीणबाई, रागावू नका. मलाही साखर आहे. केतकी फोनवर रोज त्या पेजेचं सांगायची. म्हटलं, ज्या भातानं लेकीला सांभाळलं, तो एकदा खाऊन यावं."

वाढणाऱ्या काकींच्या जावेने भाताचे भांडे खाली ठेवले. कुणीतरी उगीच खोकले.

मंडळी, काकींना नावे ठेवण्याआधी आपापल्या घरातली दोन पाने आठवा. पाहुण्याचे आणि आपले. पाहुण्यापुढे नाचणी झाकता, कुळीथ झाकता, आजीची बोली झाकता. झाकलेले पुन्हा उघडता येते, हे खरे. पण खरवडलेले? बियाण्यासकट कांडून टाकलेले? ते कुणाकडे मागणार?

केतकी मांडीवर बाळ घेऊन दारात बसली होती. तिने आईकडे पाहिले नाही, सासूकडे पाहिले. आवाजात राग नव्हता. असता तर काकींना सोपे गेले असते.

"आई," ती सासूला म्हणाली, "संपला तर संपला. आता आपण पुन्हा लावू. बियाणं ठेवलंय ना?"

काकींनी पदर खोचला. पंगतीतून वाट काढत त्या मागच्या दाराकडे गेल्या, उंबरा ओलांडला, आणि परसातून तशाच कुणग्याच्या दिशेने, कापणीत गळलेला एखादा तांबडा दाणा शोधायला, चालत राहिल्या.