टेलिकास्टरवरची झीज

बेकर्सफील्डच्या गिटार दुरुस्तीच्या दुकानात व्हर्लिन आपली नवीकोरी टेलिकास्टर गिटार मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या आधी एका म्हाताऱ्या जोडप्याचा नंबर होता. त्यांच्या जुनाट टेलिकास्टरचा रंग वाजवताना कोपर टेकतं तिथे पार उडालेला पाहून व्हर्लिनचा नुसता जळफळाट चालला होता.

"हिला नवा रंग द्या. ही झीज मला दिसता कामा नये," म्हातारी दुरुस्तीवाल्याला म्हणाली.

"लुर्लीन, अगं बावन्न सालची आहे ती! तिला असा हात लावत नसतात."

"तू लावलासच ना? बघा हो, चाळीस वर्षं रोज हिच्यावर हात टाकून बसलाय. आता माझा खांदा बघा. आहे का कुठे झीज?"

"आवाज ऐक तिचा. पत्र्यावर कोंबडीने चोच मारावी तसा. गुत्त्यात शंभर माणसं ओरडत असली तरी आरपार जातो."

"माझाही जातो. तूच ऐकत नाहीस."

"बाई, अशा झिजेसाठी लोक जीव टाकतात," दुरुस्तीवाला म्हणाला.

"अहो, फळी आहे ती! फळीला चार स्क्रूंनी दांडा जोडलाय."

"बरं, द्या तिला रंग," म्हातारा म्हणाला.

"खरंच, ऑर्व्हल?"

"हो. पण मग पुन्हा पहिल्यापासून घासायला बसावं लागेल. आणखी चाळीस वर्षं."

"...राहू दे तशीच."

दुरुस्तीवाला व्हर्लिनकडे वळला.

"तुमचं काय काम?"

"हिचा कोपरापाशी थोडा रंग खरवडून हवाय."

दारापर्यंत गेलेली लुर्लीन थांबली.

"बायकोला सांगितलंयस का?"