सदलगा सोडताना

निपाणीहून बेळगावला येताना बसमध्ये पुढच्या सीटवर भूगोलाचे एक प्राध्यापक आणि त्यांची आई बोलत होते.

“भीमरत्ना, पीएचडीत नेमकं काय केलास रं?”

“बेळगावात माणसं कुठनं आली, का आली, ते शोधलं. तिथल्या वडगावात नऊशे घरं फिरलो, आई.”

“का आली म्हनं?”

“कामासाठी. पोरांच्या शिक्षणासाठी.”

“आनि मी?”

“तू माझ्या कॉलेजासाठी आलीस की.”

“मला इचारलंस कवा?”

“न्हाय.”

“मग आता इचार.”

“आई, सदलगा सोडून का आलीस?”

“कॉलेजातनं पयल्या सुट्टीला गावाकडं आलतास, तवा लई वाळला हुतास. म्हनून आले. मला गाव सोडायचंच न्हवतं. आजबी करमत न्हाय बेळगावात.”

“थांब, वही काढतो.”

“लिहू नगंस. नुसतं ऐक.”