वरचा सूर

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्याच बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वन्सं, पाय हलवू नका. अख्खा बाक हलतोय."

"शंभर वर्षांचं नावाजलेलं प्रार्थनामंडळ आपलं, आणि उद्याच्या रेकॉर्डिंगला मास्तर प्रत्येकीपुढे वेगळा माईक ठेवणार!"

"मग तुम्हाला कसली धास्ती?"

"दोन वर्षं मी नुसते ओठ हलवतेय गं. वरचा सूर लागतच नाही. शेजारी तू गातेस म्हणून निभावलं."

"मी?"

"मग कोण?"

"मंडळात आपल्या घरच्या दोन जागा. दुसरी जाऊ नये म्हणून सासूबाईंनी मला उभं केलं. म्हणाल्या, 'तू ओठ हलव, गायला तुझी नणंद आहे.'"

"अगं, परवा मास्तरांनी आपल्या दोघींच्या सुराचं कौतुक केलं ना?"

"वन्सं, पाय."

"माझा नाही. तुझा हलतोय."